दहा गुंठ्यांचे गणित

ज्या सातारा-सांगली मुलखात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापून कुणब्यांच्या पोरांपर्यंत विद्या नेली, तेथे सहावी ते आठवीचे गणित परीक्षेपुरतेच उरावे, हे मला खेदाचे वाटते. पूर्णांक, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, बैजिक राशी हे सारे आवश्यकच. परंतु क्षेत्रफळाचे मोल बांधावर उभे राहिल्यावाचून कळत नाही. कृष्णाकाठच्या एखाद्या वेड्यावाकड्या चौकोनी तुकड्याचा कर्ण १३२ फूट आणि त्यावर समोरासमोरच्या कोपऱ्यांतून टाकलेले लंब ६६ व ९९ फूट भरले, तर लंबांच्या बेरजेला कर्णाने गुणून निम्मे केले की १०,८९० चौरस फूट येतात. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे बरोबर दहा गुंठे! सातबाऱ्यावरील क्षेत्राचा असा ताळा खरेदीखतापूर्वी आठवीतली मुलगीही घेऊ शकते.