वार्धक्याचा अभ्यास कोणी करावा?

म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. पण बालपण जसे सर्वांचे सारखे नसते, तसे म्हातारपणही नसते. पेढीवरून उठून आरामखुर्चीत बसलेल्या शेटजींचे वार्धक्य निराळे आणि तीस वर्षे गिरणीत उभे राहून गुडघे गमावलेल्या कामगाराचे निराळे. घरोघर ठाऊक असलेली ही गोष्ट शास्त्राच्या ध्यानात यावयास मात्र बराच काळ लागला. तो का लागला, हे अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या हकीकतीवरून चांगले कळते.

१९५८ साली तेथे नेथन शॉक ह्या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने एक दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. आजच्या तरुणाची आजच्या वृद्धाशी तुलना करून भागत नाही. तोच माणूस वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासला पाहिजे, हा त्यामागील विचार. मंडळी ठराविक काळाने येत, मुक्काम करीत आणि हृदय, मूत्रपिंडे, स्मरणशक्ती अशा नाना तपासण्या करून घेत. जगातील अशा प्रकारच्या सर्वांत जुन्या अभ्यासांत त्याची गणना होते. परंतु हे स्वयंसेवक ओळखीपाळखीतून जमलेले. एकाने दुसऱ्याला आणले, दुसऱ्याने तिसऱ्याला. साहजिकच त्यांत भरणा झाला तो गोऱ्या, सुशिक्षित, खाऊन-पिऊन सुखी पुरुषांचा. स्त्रियांना प्रवेश मिळाला तो १९७८ मध्ये! म्हणजे पहिली वीस वर्षे तेथे ‘माणसाचे वार्धक्य’ म्हणून जे मोजले गेले, ते पुरुषाचे वार्धक्य होते.

आणि बाल्टिमोर शहरात तर बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची. त्यांची गरज कमी होती असेही नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णी वृद्धांत अल्झायमर व तत्सम स्मृतिभ्रंशाचे प्रमाण गोऱ्या वृद्धांच्या सुमारे दुप्पट आढळते. तरीही ह्या रोगावरील औषधांच्या चाचण्यांत त्यांची संख्या तुटपुंजीच राहिली. याला इतिहास आहे. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत उपदंश झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णी पुरुषांना, पेनिसिलीन उपलब्ध झाल्यानंतरही, उपचारावाचून ठेवून सरकारी डॉक्टर रोगाची वाटचाल न्याहाळीत बसले होते. ज्यांच्या बापजाद्यांवर असा प्रसंग गुदरला, त्यांनी पांढऱ्या डगल्यावर विश्वास तरी कसा टाकावा?

२००४ साली बाल्टिमोरमध्ये दुसरा अभ्यास हाती घेतला गेला, त्यात ही चूक सुधारली. तपासणीच्या साहित्याने सज्ज अशा मोटारी वस्त्यांमध्येच नेऊन उभ्या केल्या आणि गोरे व कृष्णवर्णी, गरीब व सुखवस्तू अशा सुमारे ३७०० रहिवाशांना त्यात घेतले. लोक दवाखान्याकडे येत नसतील, तर दवाखान्याने लोकांकडे जावे!

पण मोटार दारी गेली, तरी तिच्यातून उतरणारा माणूस कोण, हा प्रश्न उरतोच. ज्याची आजी त्याच गल्लीत राहिली, तो निराळे प्रश्न विचारील. रात्रपाळीने झोपेचे काय झाले, भाडे थकल्याच्या काळजीने रक्तदाब किती चढला, हे त्याला आधी सुचेल. म्हणूनच असे विद्यार्थी तयार करणे हा दानधर्म नव्हे. ती शास्त्राचीच गरज आहे.

ते तयार कसे होतात, याचा धडाही बाल्टिमोरच्या परिसरातच मिळतो. १९८८ साली रॉबर्ट व जेन मायरहॉफ ह्या दांपत्याच्या देणगीतून तेथील मेरीलँड विद्यापीठात एक योजना निघाली. फ्रीमन ह्राबोव्स्की हे तिचे सूत्रधार. वयाच्या बाराव्या वर्षी, १९६३ च्या बर्मिंगहॅमच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास भोगला होता. पुढे १९९२ ते २०२२ ते त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष होते. पहिल्या तुकडीत १९ कृष्णवर्णी तरुण होते. पुढे मुलींना आणि नंतर सर्वच समाजांच्या विद्यार्थ्यांना दार उघडले. नुसती शिष्यवृत्ती देऊन हात झटकले नाहीत. कॉलेज सुरू होण्यापूर्वी उन्हाळ्यातच पूर्वतयारी, एकत्र निवास, एकत्र अभ्यास आणि लवकरात लवकर खऱ्या प्रयोगशाळेत काम, अशी ही रीत.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेनेही २०१० नंतरच्या दशकात पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी अशाच योजनांना पैसा पुरविला. त्यांत विद्यार्थ्याला संशोधनाचा मोबदला मिळे. ही बाब क्षुल्लक वाटेल. पण संध्याकाळी दुकानात काम केल्यावाचून ज्याची फी भरली जात नाही, तो प्रयोगशाळेत फुकट राबणार कसा? फुकटची उमेदवारी ही श्रीमंतालाच परवडते. मात्र २०२५ मध्ये विविधतेच्या नावाने चालणाऱ्या अनेक संशोधन-योजनांचे अनुदान तेथील सरकारने थांबविले आणि प्रकरण न्यायालयांत गेले. पैसा एका सहीसरशी थांबतो. परंतु संशोधक घडावयास दहा-पंधरा वर्षे लागतात.

आम्हां बडोदेकरांना ह्या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको. १९१३ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. ज्यांना समाजाने शाळेतही दूर बसविले होते, त्या डॉ. आंबेडकरांनी तेथे जातिसंस्थेवरच निबंध वाचला. अभ्यासाचा विषय झालेला समाज स्वतः अभ्यासक झाला, की प्रश्नच कसे पालटतात, याचे याहून मोठे उदाहरण कोणते?

आता वार्धक्याचा प्रश्न आपल्याही दाराशी आला आहे. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले भारतीय १० कोटींच्या वर होते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीच्या पुढील माणसे व त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जणांची पाहणी केली. तिला अमेरिकेच्या त्याच वार्धक्य संस्थेचेही साहाय्य होते. ही टिपणे पुढे कोण वाचणार? ऊसतोडणी करणाऱ्या बाईच्या कंबरेचे दुखणे आकड्यांतून ओळखणारी तिची नात त्या टेबलाशी बसलेली असेल काय? त्यासाठी आजच, कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून, तिच्या हाती काम आणि त्या कामाचा मोबदला दोन्ही पडावयास हवे.