काळ्या रंगाची शिल्लक

मुंबईच्या टॅक्सीचे खालचे अंग काळे का, याची एक गोष्ट या शहरात वर्षानुवर्षे सांगितली जाते. स्वातंत्र्यसैनिक आणि खासदार विठ्ठल बाळकृष्ण गांधी यांनी पंडित नेहरूंना सुचवले, की टप पिवळा ठेवावा म्हणजे गाडी लांबून ओळखू येईल, आणि खाली काळा द्यावा म्हणजे डाग दिसणार नाहीत. चिखल, तेलकट हात, पानाची पिचकारी हे सारे काळ्याने खरेच पोटात घातले. ओरखडा मात्र त्याला कधीच लपवता आला नाही. काळी गाडी जुन्या बाजारातून घेणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्याच रविवारी, उन्हात गाडी धुताना कळते.

त्या टॅक्सीचे माहेर मुंबईच्याच खाडीकाठच्या माहुलपासून फार लांब नव्हते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि तिचा कारखाना कुर्ल्यात उभा राहिला. 1964 मध्ये तिथून फियाट 1100 डिलाइट बाहेर पडू लागली. तीच पुढे 1974 पासून प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली, आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपताच 30 ऑक्टोबर 2023 पासून ही टॅक्सी रस्त्यावरून गेली. या टॅक्सींनी शहराला एक कसब मात्र शिकवले. मेलेला काळा रंग पाण्याचा पेपर, रबिंग आणि पॉलिश यांच्या जोरावर पुन्हा जिवंत करायचा. डेंटिंग-पेंटिंगच्या गाळ्यांतले कारागीर आजही हेच करतात. मशीन बदलले, पॅड बदलले, तत्त्व तेच आहे.

माहुलला या कसबाची कसोटी लागते. एका बाजूला खाडी, खारफुटी आणि कोळीवाडा. दुसऱ्या बाजूला 1954 आणि 1955 मध्ये सुरू झालेल्या दोन तेलशुद्धीकरण प्रकल्पांची धुराडी, साठवण टाक्या आणि टँकरची न संपणारी रांग. खाडीकडून खारी हवा येते, रस्त्यावरून डिझेलची काजळी आणि धूळ. उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या बोनेटवर हे सारे रोज बसते. त्यात ब्रेकमधून आणि कारखान्यांतून उडणारे लोखंडाचे बारीक कण असतात. ते तापलेल्या रंगात रुततात आणि तिथेच गंजतात. कावळ्याची शीट आम्लधर्मी असते, आणि उन्हात हात टेकवणार नाही इतक्या तापलेल्या काळ्या पत्र्यावर ती काही तासांत खूण पाडते. पाण्याच्या टँकरमधल्या जड पाण्याने गाडी धुवून तशीच वाळू दिली, की क्षारांची वर्तुळे उठतात.

या साऱ्यात मला एक गोष्ट विलक्षण वाटते. काळ्या रंगाला काळेपण देणारे द्रव्य म्हणजे कार्बन ब्लॅक. तेलशुद्धीकरणात शेवटी उरणारे जड तेल, किंवा डांबरी तेल, अपुऱ्या हवेत जाळून ते मिळवतात. ती काजळीच असते, फक्त कारखान्यात अत्यंत बारीक आणि एकसारखी काढलेली. माहुलच्या गाडीवर बाहेरून बसते ती काजळी, आणि आत रंगात असते तीही काजळीच.

काळ्यावर चरा इतका का दिसतो? पांढऱ्या रंगातले कण आत शिरलेला प्रकाश चहूकडे विखरून परत पाठवतात. त्या लख्ख उजेडात चऱ्याने विखुरलेला थोडासा प्रकाश हरवून जातो. काळा रंग आत गेलेला जवळजवळ सगळा प्रकाश गिळतो. डोळ्यांपर्यंत पोचते ते फक्त वरच्या पृष्ठभागाने आरशासारखे परतवलेले चारेक टक्के. त्या पृष्ठभागावर केसाहून बारीक चरा पडला, तरी त्याच्या कडा प्रकाश भलतीकडे फेकतात आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी रेघ उमटते. उन्हात बोनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जी कोळिष्टके दिसतात, ती गोल नसतात. चरे सगळ्या दिशांना पसरलेले असतात, पण ज्यांची दिशा प्रकाशाला आडवी पडते तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्यांना वर्तुळ भासते. आपण दोन पावले बाजूला सरकलो की ते वर्तुळही आपल्याबरोबर सरकते.

काम सुरू करण्याआधी रंगाची जात ओळखावी लागते. जुन्या गाड्यांवर, पद्मिनीवरही, एकच थर असायचा. रंग आणि चमक एकत्र. त्याआधीच्या नायट्रोसेल्युलोज रंगाला आपल्याकडे ड्युको म्हणतात. हे एका अमेरिकी रंगाचे नाव. 1923 च्या सुमारास तो आला आणि वाळायला आठवडे घेणाऱ्या जुन्या रंगांची सद्दी त्याने संपवली. 1980 च्या दशकापासून दोन थरांची पद्धत रुळली: खाली रंगाचा बेस, वर पारदर्शक क्लिअर. परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासायचे. फडके काळे झाले तर एकथरी रंग. स्वच्छ राहिले तर वर क्लिअर आहे.

आता हिशेब पाहा, कारण सगळे शहाणपण त्यातच आहे. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर प्राइमरपासून क्लिअरपर्यंत सारा रंग मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन जाड असतो. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा. त्यातला क्लिअर 35 ते 50 मायक्रॉन, आणि उन्हापासून रंगाला वाचवणारी द्रव्ये त्याच्या वरच्या भागात जास्त. चरा नाहीसा करायचा म्हणजे त्याच्या भोवतालचा क्लिअर चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. चरा भरत नाही. आजूबाजूची जमीन उतरते. प्रत्येक वेळी रबिंग मारले की शिल्लक कमी होते आणि ती परत येत नाही. म्हणून चांगला कारागीर आधी सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ पॅड एका हातभर जागेवर लावून पाहतो. तेवढ्याने भागले तर पुढे जात नाही. गिऱ्हाईक 'एकदम आरसा करा' म्हणते तेव्हाही काही चरे ठेवायला सांगणारा माणूस भेटला, तर त्याच्याकडेच गाडी द्यावी असे माझे ठाम मत आहे.

धुणे हे निम्मे काम. भरपूर पाणी मारून धूळ सुटी करायची, मग शॅम्पूची एक आणि फडके खळबळायची दुसरी अशा दोन बादल्या. लोखंडाचे कण काढणारा फवारा मारला की माहुलच्या गाडीवर जांभळे ओघळ उतरतात. कण विरघळत असल्याची ती खूण. जे तरीही चिकटून राहते ते पॉलिशच्या मातीच्या लगद्याने, पाणी सतत मारत, उचलायचे. हे न करता थेट मशीन चालवले तर तेच कण पॅडखाली फिरून नवे चरे पाडतात.

मग नखाची परीक्षा. नख चऱ्यावरून आडवे फिरवायचे. अडकले नाही तर चरा क्लिअरमध्येच आहे आणि पॉलिशने जाईल. अडकले तर सावध व्हायचे. मध्यम चऱ्याला 2000 चा पेपर, मग 3000 चा, पाण्यात भिजवून, फक्त त्या रेघेपुरता. त्या जागी रंग राखाडी होतो, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. नंतर कंपाउंड आणि शेवटी बारीक पॉलिश. फक्त गोल फिरणारे जुने मशीन पटकन कापते, पण एकाच जागी रेंगाळले तर रंग जाळते, विशेषतः दरवाजाच्या कडांवर, जिथे थर मुळातच पातळ असतो. डुलत फिरणारे नवे मशीन हळू चालते आणि माफ करते. शिकणाऱ्याने तेच घ्यावे.

एकथरी काळा रंग राखाडी पडला असेल, तर तो बहुधा मेलेला नसतो. वरचा उन्हाने भुकटी झालेला पापुद्रा निघाला की खालून पुन्हा गडद काळा येतो. पॅड काळे होते ते त्यामुळेच. क्लिअर पापुद्र्यांनी सुटू लागला असेल, तर मात्र कुठलेच पॉलिश कामाचे नाही. तो भाग घासून पुन्हा रंगवावा लागतो.

पांढरे प्राइमर किंवा पत्रा दिसणारा चरा माहुलच्या खाऱ्या हवेत दुसऱ्या दिवसावर टाकू नये. गंज खरवडायचा, प्राइमर द्यायचा, मग बारीक ब्रशने काळ्याचे पातळ हात, प्रत्येक हात वाळू देत. एकदम जाड थेंब ठेवला तर तो आकसतो आणि मध्ये खड्डा राहतो. पूर्ण भाग स्प्रेने मारायचा असेल तर पावसाळा टाळावा. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतले पाणी त्यावर धरते आणि नायट्रोसेल्युलोज रंगावर पांढुरकी झाक येते. काळ्यावर ती झाकता येत नाही. दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला उत्तम.

जुनी काळी गाडी विकत घेताना ट्यूबलाइटखाली पाहू नका. पसरट उजेडात चरे लपतात. मोबाइलचा टॉर्च जवळ धरा. विक्रीआधी लावलेले तेलकट पॉलिश चरे नुसते भरते आणि चार धुण्यांत उतरते. एका कोपऱ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवले की खरा रंग उघडा पडतो. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे धरत नाही तिथे खाली लांबी भरलेली आहे.

या धंद्याची दुसरी बाजू छातीत असते. थिनरमध्ये टोल्युइन आणि झायलीन असतात. क्लिअरच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडतो आणि तो एकदा जडला की अगदी थोड्या वाफेनेही उठतो. कापडी रुमाल यातले काहीच अडवत नाही. माहुलकरांना या वाफा वेगळ्या सांगायला नकोत. अशाच उडून जाणाऱ्या सेंद्रिय वायूंच्या प्रदूषणासाठी राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट 2020 मध्ये इथल्या चार कंपन्यांना मिळून 286 कोटी रुपयांची भरपाई लावली. त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर 2019 मध्ये, शहरातल्या इतर प्रकल्पांमुळे घर गेलेल्या आणि इथे वसवलेल्या प्रकल्पग्रस्तांना माहुलला राहायची सक्ती करता येणार नाही असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले आणि त्यांना भाड्यासाठी दरमहा 15 हजार रुपये देण्याचा आदेश दिला. जिथे आधीच हवा अशी आहे, तिथे बंद गाळ्यात रंग मारणाऱ्या पोराला वाफेचा मास्क आणि बाहेर हवा फेकणारा पंखा मिळालाच पाहिजे. पॅनेलमागे पाचशे रुपये जास्त मागणाऱ्या गॅरेजने ते यासाठी मागितले, तर घासाघीस करू नये.

आणि बहुतेक चरे येतात कुठून? अपघातातून क्वचितच. सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारा माणूस एका बादलीत आणि एका फडक्यात दहा-पंधरा गाड्या उरकतो. पहिल्या गाडीची वाळू शेवटच्या गाडीपर्यंत पोचते. दोष त्याचा नाही. तेवढ्या पैशांत तेवढेच पाणी आणि तेवढाच वेळ त्याला मिळतो. काळी गाडी असेल तर त्याला दोन मायक्रोफायबरची फडकी आपण आणून द्यावीत, आपल्या गाडीपुरती वेगळी ठेवायला सांगावीत, आणि रोज कोरडे पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा भरपूर पाण्याने धुवायचे तेवढेच पैसे द्यावेत.