खिशातील पाळत

बदलापूरहून सकाळी मुंबईकडे निघणाऱ्या लोकलमध्ये धड उभे राहावयास मिळाले तरी माणूस धन्यता मानतो. अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी ही स्थानके मागे पडत जातात, आणि एवढ्या गर्दीत आपण कोणाच्या लक्षात राहण्याचा संभव नाही, अशी एक निश्चिंतता मनात असते. गर्दी हा नोकरदार माणसाचा जुना आडोसा. तो मोडून काढणारे यंत्र मात्र आपण स्वतःच खिशात घालून गाडीत चढतो.

2013 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका कंपनीवर ठपका ठेवला. तिचे उत्पादन काय, तर मोबाइलला विजेरी बनविणारे एक फुकट ॲप! कोट्यवधी लोकांनी ते घेतले होते. उजेड पाडण्यापलीकडे त्याला काही काम नव्हते. परंतु वापरणाऱ्याचे ठिकाण आणि त्याच्या फोनची ओळखखूण ते जाहिरातीच्या धंद्यातील कंपन्यांकडे पाठवीत असे. अटी मान्य आहेत काय, असे विचारण्याचे सोंगही त्याने आणले होते. वस्तुतः उत्तर मिळण्यापूर्वीच माहिती रवाना होत होती. ही एका लहान कंपनीची लबाडी म्हणून सोडून द्यावे, तर खुद्द गूगलनेही ठिकाणांची नोंद बंद करूनसुद्धा ती अन्य मार्गाने चालू राहते, या तक्रारीपायी 2022 साली अमेरिकेतील 40 राज्यांना 39.15 कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

'आम्ही नावे साठवीत नाही', हा या कंपन्यांचा ठरलेला बचाव. तो किती पोकळ आहे, हे 2013 सालच्याच एका संशोधनात दिसून आले. 15 लाख लोकांच्या 15 महिन्यांच्या मोबाइल नोंदी, नावे काढून, तपासण्यात आल्या. वेळ आणि जागा यांचे अवघे चार बिंदू शंभरातील 95 जणांना इतरांपासून वेगळे काढावयास पुरेसे ठरले. रात्री बदलापूर पूर्वेची एक इमारत, सकाळी ठरलेला फलाट, दुपारी फोर्टमधील कचेरी आणि सोमवारी संध्याकाळी अंबरनाथचे शिवमंदिर. झाले चार बिंदू. पाचवा बिंदू उल्हासनगरमधील एखाद्या दवाखान्याचा असेल, आणि तेथे जात असल्याचे त्याने घरीही सांगितलेले नसेल.

निनावी नोंद व्यक्तीपुरतीच बोलते असेही नाही. धावपटूंच्या वाटा दाखविणारा स्ट्राव्हा या ॲपचा जागतिक नकाशा जानेवारी 2018 मध्ये गाजला, तो अफगाणिस्तान व सीरियामधील लष्करी तळांचे आराखडे त्यात उमटले म्हणून. एकाही सैनिकाचे नाव त्या नकाशावर नव्हते. ऑर्डनन्स फॅक्टरी असलेल्या अंबरनाथला याचा अर्थ फोड करून सांगावयास नको.

कोणी म्हणेल, आम्हा शिक्षक-कारकुनांकडे लपविण्याजोगे आहे तरी काय? झटपट कर्ज देणाऱ्या ॲपांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे. हप्ता चुकला की फोनमधील नावांची यादी उघडायची आणि ज्याने एक पैसाही घेतला नाही, अशा मेहुण्याला किंवा मुख्याध्यापकांना फोन करावयाचा. अब्रू जाते ती अशी. सप्टेंबर 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेला अशा ॲपांना फोनमधील यादी पाहण्याची मनाई करावी लागली.

ठिकाण विचारणे हाच गुन्हा, असे मुळीच नव्हे. रेल्वेने मोबाइलवर तिकिटे देण्यास आरंभ केला तेव्हा प्रवाशाचे ठिकाण पाहिले जाई. तपासनीस दिसल्यावर कोणी तिकीट काढू नये, हा हेतू उघड होता. विजेरीला तसे कारण सांगता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर कायदा यावयास 2023 उजाडले, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरील मुख्य बंधनांना त्यापुढे आणखी 18 महिन्यांची सवड देण्यात आली. दंड मात्र 250 कोटी रुपयांपर्यंत होऊ शकेल. आकडा भारदस्त आहे; पण तो दंड भारताच्या संचित निधीत जमा व्हावयाचा आहे. ज्याची माहिती बाहेर गेली त्याला भरपाई देवविणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील 43-अ हे कलम याच नव्या कायद्याने वगळावयाचे ठरविले आहे. बदलापूरच्या त्या प्रवाशाने तक्रार केली, ती खरी ठरली आणि कंपनीला दंड झाला, तरी त्याच्या हाती त्यातील एक पैसाही पडणार नाही.