फिट, फेफरे, आकडी : समज आणि उपचार



आमचे काम बेणे, लागण, खोडवा सांगण्याचे. पण गेल्या हंगामात इंदापूर भागातील एका फडात तोडणी चालू असता टोळीतला एक तरुण कोयत्यासकट कोसळून हातपाय झाडू लागला. कोणी नाकाला कांदा लावला, कोणी चप्पल. दातखीळ काढायला एकाने तोंडात उसाचे कांडे घातले. फिट आपोआपच थांबली, दात मात्र पडला. म्हणून डॉक्टरांना विचारून हे चार शब्द लिहीत आहोत.

प्रकार : मेंदूतील विजेचे संदेश एकदम बिघडले की फिट येते. कधी सगळे अंग झटके देते, कधी एकच हात उडतो. कधी मूल काही क्षण टक लावून गप्प होते, तीही फिटच. लहान मुलांना तापातही आकडी येते.

कारणे : डोक्याला मार, बाळंतपणात बाळ गुदमरणे, मेंदूज्वर, पक्षाघात, दारू एकदम सुटणे. डुकराच्या मांसातील पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून भाजीपाल्यावर व हातांवर येतात. म्हणून शाकाहारी माणसालाही मेंदूत गाठ होऊन फिट येते. संडास वापरा, भाजी धुऊन घ्या. कीटकनाशकाच्या विषबाधेनेही झटके येतात. तेव्हा औषधाची बाटली दवाखान्यात सोबत न्या. पुष्कळदा कारण सापडत नाही, पण ती बाधा नव्हे.

फिट आल्यावर : कोयता, दगड दूर करा. डोक्याखाली मऊ कापड ठेवा, गळ्याची बटणे सोडा, कुशीवर वळवा. दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका, शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नका. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही, लागोपाठ आली किंवा पहिल्यांदाच आली, तर १०८ ला फोन करा.

उपचार : नेमाने गोळ्या घेतल्या तर दहापैकी सुमारे सात जणांच्या फिट थांबू शकतात. घोटाळा होतो तो इथेच. दोन महिने बरे गेले, की ‘आता कशाला’ म्हणून गोळी बंद होते आणि फिट जोरात परतते. साधारण दोन वर्षे फिट आली नाही, तर गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टर ठरवतात, आपण नव्हे. दिवस राहण्याआधी बाईने डॉक्टरांना विचारून घ्यावे.

जागरणाने फिट उठते. अशा माणसाला रात्रीच्या लाइटीला पाणी धरायला पाठवू नका. विहीर, कालवा आणि ट्रॅक्टर यांपासूनही सांभाळा.

आणखी एक. हे दुखणे लपवण्याचे कारण नाही. हिंदू विवाह कायद्यातील मिरगीची आडकाठी १९९९ सालीच काढली गेली. ती आपल्या मनातूनही निघावी, एवढीच विनंती.