यकृत एंझाइम-परीक्षा

यकृत एंझाइम-परीक्षा : यकृताच्या कोशिकांतून रक्तात झिरपणाऱ्या एंझाइमांचे (जीवरासायनिक विक्रिया जलद घडवून आणणाऱ्या प्रथिनांचे) प्रमाण मोजण्याची चाचणी. सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या यकृत विकारांत ती वारंवार केली जाते. तिच्यावरून कोशिकांना होत असलेली इजा कळते. यकृताची कार्यक्षमता मात्र कळत नाही.

जे. एस. ला ड्यू, एफ. व्रुब्लेव्हस्की व ए. कारमेन यांनी १९५४ मध्ये हृदयस्नायूचा भाग मृत झाल्यावर रक्तरसातील ॲस्पार्टेट ट्रान्सॲमिनेज (एएसटी) वाढते, असे दाखविले. यकृत विकारांत या मापनाचा उपयोग त्यानंतर लवकरच सुरू झाला. एएसटी हृदय, स्नायू, वृक्क व तांबड्या रक्तकोशिका यांतही असते. ॲलॅनीन ट्रान्सॲमिनेज (एएलटी) मुख्यत्वे यकृतात असल्यामुळे ते अधिक निर्णायक ठरते. अहवालांत यांना अनुक्रमे एसजीओटी व एसजीपीटी असेही म्हणतात. सर्वसामान्य कमाल मर्यादा लिटरला सु. ४० एकक असून ती प्रयोगशाळेनुसार बदलते. अल्कलाइन फॉस्फेटेजाची वाढ पित्तप्रवाहातील अडथळा सुचविते. परंतु ते हाडे व वार यांतूनही येते. त्यासोबत गॅमा ग्लुटामिल ट्रान्सफरेज वाढलेले असल्यास उगम यकृतात असण्याचा संभव अधिक असतो.

तीव्र व्हायरसजन्य यकृतशोथात (यकृताच्या दाहयुक्त सुजेत) ट्रान्सॲमिनेजे अनेकदा हजारांत जातात. दीर्घकालीन ब व क यकृतशोथांत आणि मेदयुक्त यकृतात वाढ बहुधा माफक असते व एएलटी हे एएसटीपेक्षा अधिक असते. हे प्रमाण उलटल्यास यकृत सूत्रण रोगाची शंका घ्यावी लागते. मद्यजन्य विकारात एएसटी एएलटीच्या दुपटीहून अधिक आढळते. पिरिडॉक्सिनाच्या न्यूनतेमुळे एएलटीची पातळी कमी राहणे, हे त्याचे एक कारण होय.

एंझाइमांचे आकडे उतरले म्हणजे रोग बरा झाला, असा समज घातक ठरू शकतो. सूत्रण रोगाच्या उत्तरावस्थेत इजा होण्याजोग्या कोशिकाच थोड्या उरल्याने आकडे सर्वसामान्य दिसू शकतात. म्हणून अल्ब्युमीन, बिलिरुबीन, रक्त गोठण्यास लागणारा काळ व बिंबाणूंची संख्या यांचाही विचार करतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिब-४ निर्देशांकात वय, एएसटी, एएलटी व बिंबाणू यांवरून तंतुमयतेचा अंदाज बांधतात. एका अहवालापेक्षा काही महिन्यांच्या मापनांचा कल अधिक बोधक असतो.