मसाल्याचा डबा : भाग ९
तिरफळ, तुरीचं वरण आणि एक ग्लास मठ्ठा

पांढरकवड्याच्या बाजारात मी तिरफळ मागितलं, तर दुकानदाराने त्रिफळा चूर्णाची डबी समोर ठेवली. वर चौकशी केली, ‘‘पोट साफ नाही होऊन राहिलं का भाऊ?’’ त्याची काही चूक नाही. हिरडा, बेहडा, आवळा आपल्या ओळखीचे. तिरफळ मात्र केळापूर तालुक्यात कोणी मागत नाही. सह्याद्रीच्या पलीकडच्या उतारावरची ही वस्तू, कापसा-तुरीच्या काळ्या मातीत तिचं काय काम?

शेवटी सावंतवाडीला दिलेल्या मावसबहिणीने पावशेर तिरफळं कुरियरने धाडली. पिशवी उघडण्याआधीच घरभर वास पसरला. लिंबाची साल नखाने खरवडावी आणि शेजारी ओलं लाकूड सोलावं, तसा काहीसा.

आधी तो दाणा नीट पाहू. वाटाण्याएवढं, खरबरीत, तपकिरी टरफल. वाळताना ते शिवणीवर उकलतं आणि आतून चकचकीत काळी बी डोकावते. पाहणारा म्हणेल, खरा माल ही बीच असणार. तसं नाही. बी कडवट आणि दाताखाली कचकचणारी, ती फेकायची. सगळी चव टरफलात. झाडही असंच आडमुठं : खोडावर बोटाच्या पेराएवढे टोकदार काटेरी उंचवटे, चढणाऱ्याने विचार करूनच पाय ठेवावा. गोव्यात याला तेफळ म्हणतात, वनस्पतिशास्त्रात झँथोझायलम ऱ्हेट्सा.

एक टरफल मी चावलं. पाच-सात सेकंद काहीच नाही, नुसता लिंबासारखा सुगंध. मग ओठ थरथरायला लागले. लहानपणी ट्रान्झिस्टरच्या चौकोनी सेलला जीभ लावायचो तेव्हा जशी झिणझिण यायची, तशीच. मिरचीची आग नव्हे, मिऱ्याचा चटकाही नव्हे.

इथे थोडं थांबायला हवं, कारण ‘तिखट’ या एका शब्दात आपण तीन निरनिराळी प्रकरणं कोंबतो. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या यंत्रणेला फसवतं, म्हणून भिवापुरी मिरचीने तोंड ‘भाजतं’. मिऱ्यातलं पायपरीन त्याच वाटेने जातं, पण जरा हळू. तिरफळाच्या गोतावळ्यात मात्र सॅन्शूल नावाची द्रव्यं असतात आणि ती स्पर्श ओळखणाऱ्या नसांना चाळवतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये सिचुआन मिरी लोकांच्या ओठांना लावली आणि बोटावर यंत्राने कंप देऊन विचारलं, दोन्हींचा वेग कधी जुळतो? उत्तर आलं सेकंदाला साधारण ५० कंपनं. आपल्या घरातल्या विजेची वारंवारिताही ५० च आहे. निव्वळ योगायोग, पण ओठांची ही वीज लोडशेडिंगमध्ये जात नाही एवढं खरं.

सिचुआन मिरी, जपानातली सान्शो, नेपाळातला टिमूर ही तिरफळाची सख्खी भावंडं. नावात मिरी असली तरी काळ्या मिऱ्याशी यांचं नातं नाही. यांचं घराणं लिंबाचं. त्याच घराण्यात आपलं संत्रं येतं, बेल येतो, कवठ येतं आणि कढीपत्ताही. अमेरिकेने १९६८ पासून २००५ पर्यंत सिचुआन मिरीच्या आयातीवर बंदी घातली होती ती या नात्यापायीच. संत्रा-लिंबांच्या झाडांवरचा कँकर, म्हणजे आपले बागाईतदार ज्याला खैऱ्या म्हणतात तो रोग, या टरफलांबरोबर बागांत शिरेल ही धास्ती. पुढे टरफलं तापवून पाठवायच्या अटीवर बंदी उठली.

हे नातं लक्षात आलं की तिरफळ कशाबरोबर खावं याचं निम्मं उत्तर मिळतं. जिथे लिंबू पिळलेलं आवडतं, तिथे तिरफळाला जागा आहे. उरलेलं निम्मं कोकणातल्या बायकांनी केव्हाच शोधून ठेवलंय.

तिकडे तिरफळ मुख्यतः बांगड्याला आणि तारल्यांना. पापलेटच्या वाटेला सहसा जात नाही. बांगडा तेलकट, वासाला उग्र. ते तेल सुगंध धरून ठेवतं आणि सुगंध त्या उग्रपणाला लगाम घालतो. जपानी लोक सान्शोची पूड भाजलेल्या ईल माशावर भुरभुरवतात, तोही असाच चरबीदार. एकमेकांना न विचारता दोन किनाऱ्यांनी एकच गोष्ट ताडली. बांगड्याच्या आमटीत ओलं खोबरं, लाल मिरची, हळद, आंबटाला कोकम किंवा चिंच, आणि शेवटी ठेचलेली तिरफळं. फोडणी नाही. वाटणात घालून बारीक वाटणंही नाही, नाहीतर आमटी कडू होते.

पण मला जास्त भावलं ते गोव्याचं खतखतं. तुरीची डाळ, पाच-सात भाज्या, नारळ आणि तिरफळ. कांदा-लसूण नाही, राई-हिंगाची फोडणीही नाही. बांगडा केळापूरला कुठून आणणार? पण तूर! कपाशीच्या दर काही ओळींनंतर आपल्याकडे तुरीचं तास असतंच.

पहिल्या दिवशी मी हावरटपणा केला. वरणाला नेहमीसारखी लसूण-जिऱ्याची खमंग फोडणी दिली आणि वरून दहा तिरफळं टाकली. लसणाने सुगंध गिळून टाकला, उरली ती नुसती झिणझिण. आई म्हणाली, ‘‘दाढ काढून आल्यावानी वाटते रे.’’ ते वरण बैलाच्या आंबोणात गेलं. बैलाने काही तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी शहाणपणाने. चौघांच्या वरणाला पाच टरफलं पुरतात. बिया काढल्या, टरफलं खलात दोनदा दाबली, दोन चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवली. वरण साधं : हळद, मीठ, गुळाचा खडा, थोडी चिंच. गॅस बंद करताना ते पाणी टरफलांसकट ओतलं, चमचाभर साजूक तूप सोडलं आणि झाकण घातलं. सांबार चिरून ठेवला होता, तो घातलाच नाही. दोन हिरवे सुगंध एकमेकांच्या पायात येतात. जेवताना टरफलं बाजूला काढायची. आईने दोन घास खाल्ले आणि विचारलं, ‘‘लिंबू पिळलं का?’’ घरात लिंबू नव्हतं.

मग नादच लागला. अंबाडीची भाजी उत्तम जमली, तिच्या आंबटपणाला तिरफळ धावून जातं. वांग्याच्या भरतात निराशा : भाजल्याचा धूर आणि तिरफळ दोघंही पुढे पुढे करतात. गोळाभातावरच्या कढत तेलात दोन टरफलं क्षणभर सोडून काढली, ते तेल मी अजून विसरलेलो नाही. पाटोडीच्या रश्श्यात घालायचं मनातही आणू नये, तिथे मसाल्यांची आधीच ग्रामसभा भरलेली असते. पैनगंगेच्या मरळीत वाया गेलं, ती मासळी कोरडी. कटल्याच्या पोटाकडचे तुपकट तुकडे मात्र बांगड्याची उणीव बऱ्यापैकी भरून काढतात. आणि फळांत एकच नाव घेईन, संत्रं. फोडी सोलून त्यावर मीठ आणि चिमूटभर तिरफळाची पूड. घराण्यातल्या घराण्यात सोयरीक, ती जमायचीच.

पिण्याचं काय? पाण्याने झिणझिण जात नाही, उलट पाणीच विचित्र, जरा आंबूस लागतं. सॅन्शूल पाण्यात फारसं विरघळत नाही, चरबीत विरघळतं. म्हणून कोकणात सोलकढी : कोकमाचा आंबटपणा, नारळाच्या दुधाची स्निग्धता. सिचुआनकडे हॉटपॉटबरोबर आंबटगोड फळांचं थंड सरबत देतात. आपल्याकडे लोणी पुरतं न काढलेला मठ्ठा आहे, जिरेपूड घालून. बेलाचं सरबतही चालेल, पण साखर हात राखून. कडक गरम चहा टाळावा, तो झिणझिण आणखी चेतवतो.

मठ्ठ्याची परीक्षा मी त्याच किराणा दुकानात घेतली. त्रिफळावाल्या भाऊंच्या हातावर एक टरफल ठेवलं. ‘‘चावा, गिळू नका.’’ त्यांनी चावलं, भुवया वर गेल्या, मग खाली आल्या. ओठांना हात लावून पाहिला, जागेवर आहेत का म्हणून. पोऱ्याने पाणी आणलं, घोटभर घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. मी घरून बाटलीत मठ्ठा नेला होताच. अर्धा ग्लास पोटात गेल्यावर त्यांना वाचा फुटली.

‘‘हे इथं नाही विकू शकत भाऊ. गिऱ्हाईक ठाण्यात जाईन.’’

मी पुडी बांधायला लागलो, तर त्यांनी हात धरला.

‘‘थांबा ना. दोन-चार ठेवून जा. रविवारी सासरे येऊन राहिले.’’