स्मारक, जिथे रोज वर्ग भरतात

१७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन असतं. बाहेरून आलेली रूमवरची मुलं हमखास विचारतात, “अरे, महिन्यापूर्वीच १५ ऑगस्ट झाला ना?” मी हिंगोली जिल्ह्यातला, म्हणून उत्तर द्यायचं काम माझ्याकडे. मी त्यांना बसमतच्या एका पाटीबद्दल सांगतो : ‘बहिर्जी स्मारक महाविद्यालय’.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण आमचा भाग नाही. हिंगोली, बसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात आणि परभणी हैदराबाद संस्थानात. (हिंगोली वेगळा जिल्हा झाला १९९९ मध्ये.) निजाम मीर उस्मान अली खान भारतात सामील व्हायला तयार नव्हता आणि कासिम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव धुमाकूळ घातला होता. त्यांच्याविरुद्ध स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेस लढत होती. संस्थानाची हद्द ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र भारत. तिथे निजामाच्या पोलिसांचे काही चालत नसे. म्हणून उमरखेडसारख्या ठिकाणी कार्यकर्त्यांचे कॅम्प होते.

बहिर्जी शिंदे हे बसमत तालुक्यातल्या वापटी गावचे. १९४८ मध्ये आजेगावला रझाकारांशी लढताना ते हुतात्मा झाले. आजेगाव आज सेनगाव तालुक्यात आहे. नकाशा उघडून बघा, ते रिसोडच्या बाजूला येतं. म्हणजे स्वतंत्र भारताची हद्द तिथून जवळच होती. जीव वाचवायचा तर पलीकडे राहता येत होतं. पण लढाई अलीकडे होती.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आमचं स्वातंत्र्य असं १३ महिने उशिरा आलं.

या लढ्यात होस्टेलचाही वाटा आहे बरं का! १९३८ मध्ये संस्थानातल्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकलं होतं. पुढे नागपूर विद्यापीठाने अनेकांना प्रवेश दिला. पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच एक.

स्मारक म्हटलं की आपल्याला चौथरा आणि वर्षातून एकदा पडणारा हार आठवतो. बसमतच्या स्मारकात मात्र रोज हजेरी होते, परीक्षा होतात. फक्त प्रवेश घेताना फॉर्मवर कॉलेजचं नाव लिहिणाऱ्या प्रत्येकाला बहिर्जी कोण, हे ठाऊक हवं. नांदेडहून औंढ्याला जाताना बसमत लागतं. तेव्हा सोबतच्या मित्राला एवढं नक्की सांगा.